कणसांच्या उंचीचं घर

भीमपूर,
१९ जानेवारी १९८८

चि. कुमुद,

आशीर्वाद आधी घे, मग काम सांगते. तिळगुळाची पुडी वेगळी पाठवली आहे. पुण्याला पोचेपर्यंत त्याचा भुगा होईल, पण गोड लागायचा तो लागेलच. तुझी आई यवतमाळहून लिहिते की तू आता मोठमोठ्या इमारतींचे नकाशे काढतेस. म्हणून हे पत्र मावशीचं कमी आणि गिऱ्हाइकाचं जास्त समज.

सुधाकरनं गेल्या साली स्लॅबचं घर बांधलं, हे तुला ठाऊक आहे. घर चांगलं आहे. लोखंडी दारं, खिडक्यांना गज, भिंतींना हिरवा रंग. उन्हाळ्यात भट्टी आणि हिवाळ्यात विहीर, पण पोराच्या हौसेला नाव ठेवू नये. तुझ्या काकाजींना मात्र हे घर मानवत नाही. दसऱ्याच्या सुमारास ते माळ्यावरून पडले ते तुला कळलंच असेल. वावरातला आमचा माळा तू लहानपणी पाहिला आहेस. सागाच्या चार उंच खांबांवर फळ्या, वर कडब्याचं छप्पर, चढायला शिडी. ज्वारी पोटऱ्यात आली की हे तिथं जायचे, ते कणसं खळ्यावर येईपर्यंत तिथंच. दिवसा गोफणीनं पाखरं हाकायची, रात्री डुकरं. लग्न झाल्यापासून मी दरसाल हेच बघत आले. वर्षातले कितीतरी महिने माझा नवरा आभाळात आणि मी जमिनीवर.

खुब्याचं हाड जुळलं. आदिलाबादचे डॉक्टर हिंदीत म्हणाले, "अब ऊपर नहीं चढ़ने का, बाबा." तेव्हापासून हे घरात आहेत. आणि कुमुद, घरात आहेत असं म्हणायचं तेवढंच. रात्री झोप नाही, दिवसा नुसती डुलकी. अर्धी भाकर खातात. भिंतीकडे तोंड करून बसतात आणि कोणी हाक मारली तर दचकतात. अंगावरचं मांस कुठं गेलं कळत नाही. परवा दुपारी खाटेवर दिसेनात. वावरात धावले, तर हे माळ्याच्या शिडीला धरून उभे, एक पाय पहिल्या पावटीवर. पुन्हा चढले तर यांना उतरवून आणावं लागेल, हे मला कळतं, यांनाही कळतं. पाय ऐकत नाहीत.

म्हणून विचारते. असं घर काढता येतं का गं, की माणूस घरात असेल आणि वावरातही असेल? मी सुधाकरला म्हटलं तर तो हसला. म्हणाला, "माय, असं घर नसते. एक तं घर असते, नाई तं वावर असते." त्याचं म्हणणं खरं असेलही. पण तू शिकलेली आहेस, तुला आणखी एखादा प्रकार माहीत असेल.

तुझी,
राहीमावशी


पुणे,
६ फेब्रुवारी १९८८

मावशी,

तुझ्या पाया पडते आणि भुग्यासकट तिळगूळ संपवल्याचं कळवते. तुझं पत्र मी ऑफिसात वाचलं आणि पुढचा सबंध दिवस हातून सरळ रेघ आली नाही.

मी इथं काय काढते ते सांगते. एकावर एक खोल्या. प्रत्येक खोलीला एक गॅलरी, आणि लोक राहायला आले की पहिलं काम म्हणजे ती गॅलरी काचेनं बंद करणं. मग तिथं कपाट येतं. झाड म्हणजे कुंडी, आभाळ म्हणजे गच्ची, आणि गच्चीला कुलूप. मी स्वतः तिसऱ्या मजल्यावर राहते, खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत. सकाळ झाली हे मला दूधवाल्याच्या हाकेवरून कळतं. तेव्हा काकाजी भिंतीकडे तोंड करून बसतात हे वाचून मला वाटलं, आम्ही दोघं एकाच घरात राहतो.

मी त्या माळ्यावर चढलेली आहे, तुला आठवतं? आठ वर्षांची असेन. काकाजींनी मला बखोटीला धरून वर ओढून घेतलं होतं. खालून ज्वारी म्हणजे नुसती ताटं आणि हातांना कापणारी पानं. वरून मात्र तिला जमीनच नव्हती. सगळीकडे कणसं, आणि ती हलत होती. दूर नदीकडून वारा निघाला की कणसं वाकताना दिसायची, ती वाकत वाकत आमच्यापर्यंत यायची, आणि मग वारा अंगाला लागायचा. वारा लागण्याआधी दिसतो हे मला तिथं कळलं. काकाजी म्हणाले होते, "पाह्य, वारा आला." मी इतकी वर्षं इमारती शिकले, पण कुठल्याच इमारतीत मला पुन्हा वारा येताना दिसला नाही.

मावशी, मी करते हे घर. मला काय काय सांगशील? वारा कुठल्या महिन्यात कुठून येतो. दिवाळीच्या सुमाराला ऊन कुठं पडतं. पावसाचं पाणी कुठं साचतं. आणि तू वर जाऊन बसायचीस तेव्हा पाय कुठल्या बाजूला सोडायचीस? तिकडचं दृश्य सगळ्यात चांगलं असणार. मला तीच बाजू उघडी ठेवायची आहे.

तुझी,
कुमुद


भीमपूर,
८ मार्च १९८८

चि. कुमुद,

होळीच्या पुरणपोळ्यांतून हात मोकळा झाला, आता लिहिते.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. मी माळ्यावर कधी बसलेच नाही, गं. एकदासुद्धा नाही. आमच्या घरची रीत तुला कोणी सांगितली नसेल. दाणा दुधात असताना लग्न झालेल्या बाईचा पाय माळ्याला लागला तर कणीस फोल जातं. हे माझ्या सासूबाईंचं सांगणं, त्यांना त्यांच्या सासूनं सांगितलेलं. लहान पोरी चालतात, म्हणून तू गेलीस. मी भाकर घेऊन जायची, माळ्याखाली उभी राहून हाक द्यायची, मग वरून दोरीला बांधलेली दुरडी खाली यायची. दुरडीत भाकर, चटणी, कांदा ठेवायचा. ती वर जायची. रिकामी होऊन खाली यायची. आमचा संसार निम्मा त्या दुरडीतून झाला. सुधाकरच्या वेळी दिवस गेल्याचंही मी असंच मान वर करून सांगितलं. वरून आवाज आला, "काय म्हनतं?" मग मला ते अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असं पुन्हा सांगावं लागलं. शेजारच्या वावरातल्या प्रयागबाईनं मला दुसऱ्या दिवशी साखर आणून दिली.

सासूबाई जाऊन किती वर्षं झाली, पण त्यांची रीत काही गेली नाही. तेव्हा वरून काय दिसतं ते तुलाच ठाऊक. तू लिहिलेलं मी दोनदा वाचलं.

आता वाऱ्याचं. मला सांगता येईना म्हणून यांनाच विचारलं. आणि काय सांगू, कुमुद, हा माणूस बोलायला लागला! म्हणाले, "पोयाच्या सनाच्या मांगंपुढं वारा नदीकडून येते. मंग दसऱ्याले फिरते. दिवाईच्या येळी डोंगराकडून येते, थंड, तोंडावर. कोनं विचारलं?" मी म्हटलं, कुमुद विचारून राह्यली. "काऊन?" तिला तुमच्यासाठी खोली काढायची आहे. मग म्हणाले, "पोरीले म्हना, उगवतीकडून बंद नोको करू." त्या दिवशी पाऊण भाकर खाल्ली.

पाणी बांधाच्या खालच्या अंगाला साचतं, घराच्या मागं नाही. मागची जागा उंचवट्याची आहे, परसातून निघालं की दहावीस पावलांत ज्वारी लागते. सुधाकरनं तोंड वाकडं केलं आहे, पण ते त्याचं जन्मतःच थोडं वाकडं आहे. तू काढ.

तुझी,
राहीमावशी


पुणे,
१४ एप्रिल १९८८

प्रिय मावशी,

नकाशा सोबत आहे. देवाजी सुताराला तो कळेल, त्याला मी वेगळी चिठ्ठीही लिहिली आहे. पण तुला मी नकाशा दाखवणार नाही, सांगणार आहे, कारण हे घर मला आधी स्वप्नात दिसलं.

स्वप्नात मी तुमच्या परसातून चालत होते आणि वाट हळूहळू वर जात होती. पायऱ्या नव्हत्या. दोन्ही बाजूंना ज्वारी होती आणि ती माझ्याबरोबर उंच होत नव्हती, मीच तिच्यातून वर येत होते. आधी पानं, मग पोटऱ्या, मग एकदम कणसं, आणि तिथं एक खाट होती. कोणीतरी झोपलं होतं. मी जागी झाले आणि दिवा लावून तसंच काढून ठेवलं.

तर असं. घराच्या मागं, उंचवट्यावर, दगडमातीचं भरीव जोतं बांधायचं, माळ्याच्या उंचीच्या निम्मं. काकाजी खाटेवर उठून बसले की कणसं डोळ्यांसमोर आली पाहिजेत, खाली नाहीत, वर नाहीत. शिडी अजिबात नको. परसापासून जोत्यापर्यंत लांब, सावकाश चढणारा मातीचा उतार, बांधावरून चालत गेल्यासारखा, एका बाजूला धरायला बांबूचा कठडा. खुब्याला त्रास होणार नाही. भिंती मातीच्या, पण बसल्यावर खांद्याला लागतील इतक्याच. त्यांच्या वर बांबूच्या तट्ट्या, वरून खाली सोडायच्या, नाहीतर काठीनं उचलून टेकवायच्या. पावसात बंद, एरवी उघड्या. वर कवेलूंचं छप्पर, आणि वळचण इतकी पुढं की दुपारचं ऊन आत येणार नाही. उगवतीकडे तट्टीही नाही. काकाजींनी सांगितलं म्हणून नाही, मलाही तसंच दिसलं होतं.

आणि ज्वारी तीन बाजूंनी अगदी जोत्याला भिडवून पेरायची. सुधाकरदादाला सांग, पेरणीची एक ओळही मोकळी सोडू नकोस. वावर घरापाशी संपता कामा नये.

खोली मी मुद्दाम लहान ठेवली आहे. एका माणसाला लागतं तेवढंच. एक खाट, एक पाण्याचं मडकं, गोफण अडकवायला एक खुंटी. माळ्यावर त्यांच्याजवळ तरी आणखी काय होतं? मला ती त्यांची एकांताची जागा त्यांना परत द्यायची आहे.

तुझी,
कुमुद


भीमपूर,
२ जून १९८८

चि. कुमुद,

तुझं घर उभं राहिलं. देवाजीनं तुझ्या चिठ्ठीवरून सगळं केलं, फक्त कठडा तू सांगितलास त्याहून जाड घातला. म्हणाला, "नकाशात म्हातारा दिसत नाई, मले दिसते." माती तुडवायला अर्धा गाव येऊन गेला. काहीजण मदतीला आले, बाकीचे हे काय चाललंय ते बघायला. सुधाकर आधी लांबून बघत होता, मग जवळून बघायला लागला, आणि कवेलू चढवताना तोच सगळ्यात वर होता. ज्वारीचं त्यानं कबूल केलं आहे. पाऊस झाला की जोत्याला लागून पेरणार.

खोली छान झाली आहे. सारवून घेतली तेव्हा ओल्या मातीचा वास तिथंच रेंगाळत राहिला, स्लॅबच्या घरात तो कधी येत नाही. मी उतारानं वर जाऊन उभी राहिले. अजून पीक नाही, नुसतं नांगरलेलं वावर, तरी बरं वाटलं. तुझं माप बिनचूक आहे. एका माणसाची खोली म्हणालीस, ती एकाच माणसाची झाली आहे. मी खाटेच्या एका कडेला टेकून बघितलं, तर पाय दाराबाहेर गेले.

हे अजून वर गेले नाहीत. म्हणतात, पीक उभं राहू दे, रिकाम्या वावराची काय राखण करू? बरोबर आहे. वाट बघू.

तुझी,
राहीमावशी


पुणे,
१० ऑगस्ट १९८८

मावशी,

दोन महिने तुझं अक्षर नाही. पीक आता कमरेला आलं असेल ना? काकाजी झोपतात का वर? मी ऑफिसात सगळ्यांना सांगून बसले आहे. आमचे मोठे साहेब म्हणाले, एकदा जाऊन फोटो काढून आणा, असं काम आपल्याकडे कोणी केलेलं नाही. मला रोज वाटतं, आत्ता तिथं तट्टी उचलली असेल, आत्ता वारा दिसला असेल. इथल्या भिंतीसमोर बसून मी मनानं तिथंच राहते, भाडंही देत नाही.

दोन ओळी लिही. नुसतं "झोपले" एवढं लिहिलंस तरी चालेल.

कुमुद


भीमपूर,
२८ ऑगस्ट १९८८

चि. कुमुद,

तुला हवा तो एक शब्द मला लिहिता येत नाही, म्हणून पत्र नव्हतं.

नागपंचमी झाल्यावर आम्ही यांना वर नेलं. सुधाकर एका बाजूला, मी मागं. ज्वारी उताराच्या दोन्ही अंगांना उभी, तू म्हणालीस तशी. हे कठडा धरून स्वतः चढले. मला वाटलं, झालं, आता माझा माणूस परत आला. वर जाऊन खाटेवर बसले. मडक्याकडे बघितलं. खुंटीकडे बघितलं. मग सुधाकरला म्हणाले, "पानी बी इथंच भरून ठेवलं?" तो म्हणाला, हो बाबा, सगळं इथंच, घरात यायचं कामच नाही. त्यानं आपलं कौतुकानं सांगितलं. यांचा चेहरा बघण्यासारखा राहिला नाही.

तुला माहीत नसेल, मलाही विसरायला झालं होतं. यांच्या थोरल्या भावाला देवी आल्या होत्या, निझामाच्या काळात, हे पोरसवदा होते तेव्हा. तेव्हा अंगावर देवी आल्या की माणसाला गावात ठेवत नसत. वावराच्या कडेला खोपटं घालायचं, त्यात एक खाट आणि एक मडकं. जेवण लांब ठेवून घरच्यांनी मागं सरायचं. तो भाऊ त्या खोपटातून परत आला नाही. हे रोज बांधावर उभं राहून त्याला बघत असत.

हे खाटेवरून उठले आणि म्हणाले, "मले बाहेर काढलं का रे? सांगून तं काढायचं." बस. उतरून आले. तेव्हापासून पुन्हा भिंतीकडे तोंड. खाणं पार सुटलं आहे. काल मला म्हणाले, "मरायचंच हाय तं माह्या माळ्यावर मरीन, परक्या खोपटात काऊन मरू?" आता मी माळ्याची शिडी काढून गोठ्यात लपवली आहे. शिडी मिळाली नाही तर हे खांबाला धरून चढतील, मी ओळखते यांना. गावातही कुजबुज आहे की राहीबाईनं म्हाताऱ्याला वावरात काढलं.

मी तुझ्यावर रागावले नाही. रागावले आहे, पण कोणावर ते नीट ठरत नाही. तू इतक्या प्रेमानं काढलंस. खोली आता रिकामी आहे. दुपारी कामं उरकली की मीच कधीकधी उतारानं वर जाते, उंबऱ्यावर उभी राहते. पोटऱ्या आल्या आहेत. लवकरच कणसं डोळ्यांना लागतील. कोणाच्या ते देवाला माहीत.

राहीमावशी


पुणे,
४ सप्टेंबर १९८८

मावशी,

तुझं पत्र वाचून मी आधी रडले, मग तुझी सगळी पत्रं काढून ओळीनं वाचली. जे मी पहिल्यांदा वाचायला हवं होतं ते आता वाचलं.

तू लिहिलं होतंस, माझा नवरा आभाळात आणि मी जमिनीवर. लिहिलं होतंस, वरून काय दिसतं ते तुलाच ठाऊक. लिहिलं होतंस, खाटेच्या कडेला टेकले तर पाय दाराबाहेर गेले. आणि मी काय केलं? काकाजींना वारा दिला, ऊन दिलं, कणसं दिली, तीन बाजूंनी अख्खं वावर आणून दिलं आणि माणूस द्यायचा विसरले. मला वाटलं, ते वर एकांतासाठी जात होते. राखण करायला जाणारा माणूस कोणासाठी तरी राखतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्या नकाशात तू कुठंच नाहीस, मावशी. मग त्यांना ते खोपटं वाटलं तर चूक त्यांची नाही.

आता मी स्पष्ट विचारते, कारण तू स्पष्ट सांगणार नाहीस. तुला तिथं राहायचं आहे का? त्यांची काळजी घ्यायला नव्हे. भाकर पोचवायला नव्हे. राहायला?

हो असेल तर सोबत दुसरा कागद आहे. मावळतीकडची बुटकी भिंत पाडायची, जोतं तिकडे खाटेच्या दीड लांबीइतकं वाढवायचं, वळचण आधीच तिथपर्यंत पोचते. देवाजीला आठवडाही लागायचा नाही. दुसरी खाट पहिलीला लावून बसेल. बाकी काय न्यायचं ते तू ठरव, घर म्हणजे काय हे तुला माझ्याहून जास्त कळतं. नाही असेल तरी लिही. मग ती खोली ज्वारी साठवायला वापरा, मला वाईट वाटणार नाही. वाटेल, पण चालेल.

साहेबांना मी फोटोचं नाही म्हणून सांगितलं.

तुझी,
कुमुद


भीमपूर,
२४ ऑक्टोबर १९८८

चि. कुमुद,

हो.

एवढा एक शब्द लिहायला मला किती दिवस लागले बघ. तुझं पत्र आलं ते मी पदरात घेऊन फिरत होते. या वयात बाईनं नवऱ्याशेजारी खाट टाकायची म्हणते, हे तोंडातून काढायचं कसं? पण यांचा हात धरला तर नुसती काडी लागत होती, आणि म्हटलं, लाजत बसले तर लाजच उरेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जेवताना सुधाकरला सांगितलं, आम्ही दोघं मागं राहायला जातो. तो घास धरून बसला. "माय, लोक काय म्हनतीन?" मी म्हटलं, "आतापरेंत म्हनत होते का म्हाताऱ्याले काढलं. आता म्हनतीन का म्हातारीले लाज नाई. दुसरं बरं हाय." सून हसली, आणि ती हसली म्हटल्यावर सुधाकरही हसला. देवाजीला त्याच दिवशी बोलावलं.

जोतं वाढलं, खाट आली. यांना मी काहीच सांगितलं नाही. एका सकाळी माझी चूल उचलली. मातीची चूल अशी उचलून नेता येत नाही म्हणतात, पण दोघीजणींनी धरली तर येते. वर वळचणीखाली ती मांडली, स्वयंपाकघरातला विस्तव फुंकणीबरोबर खापरात नेला, आणि भाकर टाकली. सुनेला बजावलं होतं, यांनी जेवण मागितलं तर सांग, चूल मागं गेली, जेवण तिकडं.

भाकरी टाकता टाकता माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आले नाहीत तर? पुष्कळ वेळानं कठड्यावर काठी वाजली. उताराच्या मध्ये थांबले, मला बघितलं, चुलीकडे बघितलं.

"इथं काऊन रांधून राह्यली?"

"माहं घर हाय. घरातच रांधतात."

"आन तिकडचं?"

"ते तुमच्या पोराचं. मी इथं राह्यतो. तुमाले यायचं तं या, नाई तं भिंत हायेच तिकडं."

पुढं यायला तयार नाहीत. मग म्हणाले, "दाना दुधात हाय. बाईमानसाचा पाय..." मी म्हटलं, "तो माळ्याले लागला तं. याले शिडी कुठी हाय? ही कुमुदची जागा हाय, तिले तुमच्या मायची रीत लागू नाई." आणि भाकरीचा वास सुटला होता, तो काही रीत बघून येत नाही. वर आले. माझ्या शेजारी टेकले. अख्खी भाकर खाल्ली आणि दुसरी मागितली. मला एकदम रडू आलं, ते मी धुरावर ढकललं.

मग मी पहिल्यांदा वर बसून बघितलं, कुमुद. तू लिहिलं होतंस ते सगळं खरं आहे. जमीन नाहीच. मी आयुष्यभर या ज्वारीत पानांशी झगडत चालले, हात कापून घेतले, आणि तिच्यावर हे असं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. नदीकडची कणसं वाकली. मी म्हटलं, "पाहा, आला." हे माझ्याकडे बघायला लागले. मग सांगितलं, "माळ्यावरून आपल्या घराचं दार दिसे. तू डोक्यावर भाकर घेऊन निघाली का मले दिसायची. पुरी वाट दिसायची. कुठी थांबली, कोनाशी बोल्ली, समदं." मी म्हटलं, मग माझी हाक येईपर्यंत दुरडी का सोडत नव्हतात? उन्हात उभी राहायची मी! तर हा माणूस म्हणतो, "तू हाक मारे ते मले आवडे."

असला नवरा. इतक्या वर्षांनी सांगतो. मी चिडले, आणि चिडूनही तिथंच यांच्या शेजारी बसून राहिले, आणि बरं वाटत होतं.

तेव्हापासून आम्ही इथंच आहोत. पहाटे उगवतीकडून उजेड थेट खाटेवर येतो, आधी यांच्या पायांवर, मग माझ्या. रात्री कोल्हे ओरडले की हे मला सांगतात, ते कोणत्या वावरात आहेत. मी ऐकता ऐकता झोपते. प्रयागबाई एकदा बघायला आली, नाकाला पदर लावून, आणि चहा पिऊन संध्याकाळपर्यंत बसली. परवा तिनं देवाजीला विचारलं, उताराला माती किती लागली.

आता तुला जे हवं होतं ते. आत्ता दुपार कलली आहे. मी खाटेवर बसून लिहिते आहे. कणसं भरली आहेत, आणि चिमण्यांचा थवा उतरला आहे. मागोमाग राघूही आले. अगदी जोत्यापाशी, हात लांब केला तर शिवता येतील. एकेक कणीस वाकवून खातात आणि टाकतात. मेले अर्धं खाऊन अर्धं टाकतात, मला ते कधीच सहन झालेलं नाही. गोफण माझ्या डोक्यावर खुंटीला आहे. नुसती टाळी वाजवली तरी सगळे उडतील.

पण हे झोपले आहेत. तोंड उघडं टाकून, घोरत, एक हात माझ्या पदरावर. मी टाळी वाजवणार नाही. खाऊ दे.

तुझी,
राहीमावशी